कूलर लागला की मागच्या खोलीतलं वायफाय जाते, त्याचं काय करायचं

एप्रिल लागला की गावात दरवर्षी तेच सुरू होते. बैठकीत नेट मस्त अन् मागच्या खोलीत नुसती गोल गोल चकरी. जानेवारीत त्याच खोलीत बसून पोरगी ऑनलाइन क्लास करून राह्यली होती, तेच राउटर, तोच प्लॅन, तोच मोबाइल, अन् आता व्हॉट्सॲपवरचा फोटो उघडत नाही. मग नेटवाल्याला फोन, तो येतो, डब्बा बंद-चालू करतो, बैठकीतच उभा राहून स्पीड दाखवतो, "पाहा काका, पूर्ण येऊन राह्यलं" म्हणतो अन् निघून जातो. कोणी चिडून ५० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा करून घेते, मागच्या खोलीत फरक शून्य. पाऊस आला, कूलर उतरला की थोडे दिवस बरं चालते, श्रावणात पुन्हा रडगाणं, अन् सोयाबीन घरात आलं की परत तेच.

लोकं म्हणतात उन्हाळ्यात लाइनच खराब असते. असते कधी कधी, पण बहुतेक घरात भानगड वेगळी असते. आपल्या इकडचं घर वर्षभर एकसारखं राहतच नाही. उन्हाळ्यात खिडकीत पाण्यानं भरलेला लोखंडी कूलर बसतो, पावसाळ्यात मातीच्या भिंती ओल धरतात, खरिपाचा माल आला की माजघरात पोत्यांची थप्पी लागते. वायफायच्या वाटेत सगळ्यात जास्त आडवं येते ते लोखंड, पाणी अन् जाड भिंत, म्हणजे नेमकं आपल्या घरात जे ऋतूप्रमाणे येते-जाते तेच. मोबाइलवर शोधलं तर जे उपाय सापडतात ते फ्लॅटवाल्यांसाठी लिहिलेले असतात, शेजाऱ्यांचे वीस राउटर भांडून राह्यले, चॅनेल बदला वगैरे. आपल्याकडं शेजाऱ्याचं घरच कोठ्याच्या पलीकडं, त्याच्या चॅनेलनं आपलं काय बिघडते. म्हणून हे टिनाच्या, कवेलूच्या, धाब्याच्या घरांच्या हिशोबानं लिहून राह्यलो.

आधी हे ठरवा: नेट खराब की वायफाय

हे न ठरवता काहीच विकत आणू नका. डब्ब्यावर (म्हणजे फायबरच्या राउटरवर) पॉन (PON) नावाचा लाइट असते, तो हिरवा अन् स्थिर पाहिजे. लॉस (LOS) नावाचा लाइट लाल होऊन लुकलुकत असला तर फायबरमधून उजेडच येऊन नाही राह्यला, मग तुम्ही घरात राउटर कुठंही नाचवा, काही होत नाही. वानेरांनी तार ओढली असंल, जेसीबीनं नाली खोदताना तोडली असंल, ते काम नेटवाल्याचं.

लाइट ठीक असले तर राउटरपासून पाच-सहा फुटावर उभे राहा, फोन ५ गिगाहर्ट्झवाल्या नावाला जोडा (बहुतेक राउटर २.४ अन् ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर वायफाय देतात, दोन्हीचं नाव एकच दिसत असलं तर ते वेगळं कसं करायचं ते खाली आहे) अन् स्पीड टेस्ट करा. मग मागच्या खोलीत जाऊन तीच टेस्ट करा. दोन्हीकडं खराब असलं तर लाइन. जवळ चांगलं अन् लांब खराब असलं तर घर. अन् सकाळी सगळीकडं चांगलं, रात्री आठ ते अकरा सगळीकडं खराब असं असलं तर नेटवाल्यानं एका लाइनीवर जास्त गिऱ्हाइकं बसवली, त्याला दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट पाठवा, नुसतं "नेट स्लो आहे" म्हटलं तर तो पुन्हा येऊन डब्बा बंद-चालूच करंल.

यात एक फसगत होते. १०० चा प्लॅन अन् स्पीड ३५-४० दिसला म्हणून लोकं भांडायला जातात, पण फोन २.४ वर जोडला असला तर एवढाच दिसतो, तो बँडच तेवढा देतो. भांडायचं तर ५ वर जोडून, राउटरजवळ उभं राहून मोजा अन् मग भांडा.

थोडं खोलात जायचं असंल तर ब्राउझरमधे १९२.१६८.१.१ टाका (पत्ता, युजरनेम, पासवर्ड डब्ब्याच्या बुडाच्या स्टिकरवर असते, काही कंपन्यांनी लॉक करून ठेवलेलं असते तो भाग वेगळा). त्यात ऑप्टिकल माहितीचं पान असते, आरएक्स पॉवर (फायबरमधून येणाऱ्या उजेडाची ताकद) म्हणून उणे आकडा दिसते. उणे १८, उणे २० म्हणजे छान. उणे २५ म्हणजे काठावर. उणे २७ च्या पुढं गेलं की कुठं तरी तार मुडपली, नाही तर कनेक्टरमधे धूळ बसली. पहिले स्वतःच पाहा, घरात जी पिवळी बारीक तार असते ती खिळ्याला काटकोनात आवळून तर नाही ठेवली? काचेची तार आहे ती, तिला चांगलं हातभर गोल वेटोळं द्या, दरवाज्याच्या फटीत चिमटू देऊ नका. पण तारेचं टोक काढून डोळ्यासमोर धरून पाहत बसू नका. आतला लेझर डोळ्याला दिसत नाही, म्हणून काही नाही असं वाटते, पण डोळ्याला इजा करू शकते.

सिग्नलचा आकडा

मोबाइलवरच्या कांड्यांवर विश्वास ठेवू नका, दोन कांड्या म्हणजे किती हे प्रत्येक फोनचं वेगळं असते. वायफाय ॲनालायझर टाइपचं कोणतंही फुकट ॲप घ्या, ते डीबीएममधे आकडा दाखवते (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं). उणे ५० झकास. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल आरामात. उणे ७५ ला व्हॉट्सॲप चालते, व्हिडिओ अडकते. उणे ८० च्या पलीकडं फोन जोडलेला दिसते पण काही उघडत नाही. अन् हे १० चा फरक म्हणजे थोडासा नसते बरं, १० नं खाली गेलं म्हणजे ताकद दहावा हिस्सा राहिली.

कागदावर घराचा नकाशा काढा, प्रत्येक खोलीत आकडा लिहा. कूलर भरलेला असताना एकदा, शक्य असंल तर कूलर बाजूला करून एकदा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण यानं पैसे वाचतात.

कूलर

आमच्या मोठ्या बाबांच्या घरचं सांगतो, कारण अशी घरं आपल्याकडं भरपूर. समोर बैठक, मग माजघर, मग स्वयंपाकघर, दीड-दोन फुटाच्या मातीच्या भिंती, बाजूनं अंगण, अन् अंगणाच्या त्या टोकाला नवीन बांधलेली विटांची खोली, त्यावर टिनं. राउटर बैठकीत टीव्हीच्या शोकेसमधे. आता इथून त्या खोलीत वायफाय जाते कसं, लोकांना वाटते भिंतीतून. भिंतीतून नाही जात, एवढ्या जाड तीन भिंतीतून काही उरत नाही. वायफाय ओलिताच्या पाण्यासारखं, जिथं मोकळं सापडंल तिथून जाते, इथं ते बैठकीच्या खिडकीतून अंगणात उतरून राह्यलं होतं अन् अंगणातून त्या खोलीच्या खिडकीत शिरून राह्यलं होतं. एप्रिलमधे त्याच खिडकीत कूलर बसवला. पत्र्याची बॉडी, तीन बाजूनं ओल्या वाळ्याच्या ताट्या, खाली टाकीभर पाणी. खिडकी बुजलीच म्हणायची. कूलर नव्हता तेव्हा पलंगावर उणे ६४ यायचं, कूलर लागल्यावर उणे ७९. म्हणजे ताकद तीस पटीनं कमी.

गावात सगळे म्हणतात कूलरच्या मोटरीनं वायफाय खराब होते. मोटरीचा तसा काही संबंध नाही, मोटर बंद करून पाहा, आकडा तेवढाच राहते. पत्रा सिग्नल परतवून लावते अन् पाणी पिऊन टाकते.

मोठे बाबा म्हणे, "मंग कूलर काढू का डब्बा काढू, ते सांग."

"कूलर राहू द्या बाबा, मे महिना हाये. डब्बाच हलवू."

हेच सगळ्यात मोठं औषध आहे अन् फुकटचं आहे. पलंग जिथं आहे तिथून राउटरकडं डोळ्यानं सरळ रेघ ओढा. रेघ कूलरमधून, लोखंडी अलमारीतून, धान्याच्या पत्र्याच्या कोठीतून, फ्रीजमधून जाते का पाहा. जात असली तर राउटर असा सरकवा की रेघ एखाद्या दारातून जाईल. त्यांच्याकडं माजघराचं अंगणात उघडणारं दार होतं, त्या दाराशेजारी माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर फळी ठोकली, त्यावर राउटर ठेवला, अन् नवीन खोलीचं दार अन् हे दार जवळपास समोरासमोर आलं. कूलर चालू असतानाच उणे ६६ यायला लागलं. बैठकीत थोडं कमी झालं, तिथं तसंही भरपूर होतं. नेटवाल्याकडून पिवळी तार लांब करून घ्यायला थोडे पैसे लागतात तेवढेच. ती तार स्वतः कापू-जोडू नका, जोडायचं मशीन त्याच्याकडंच असते.

राउटरच्या अँटेना सगळ्या उभ्या ठेवा, त्यांचा सिग्नल आडवा चारी बाजूला पसरते, टोकाकडून निघत नाही. काही लोक अँटेनाचं टोक मागच्या खोलीकडं बंदुकीसारखं रोखून ठेवतात, ते उलटं काम आहे. माडीवर पण सिग्नल पाहिजे असंल तर एक अँटेना आडवी करून पाहा.

अन् ते क्रोशाचे रुमाल काढा. टीव्हीवर ठीक आहे, राउटरवर नाही. बहुतेक घरगुती राउटर ४० डिग्रीपर्यंतच्या गरमीसाठी बनवलेले असतात, तसं त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असते. आपल्याकडं अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, ते सावलीत, अन् टिनाच्या खाली छताजवळ त्याहून जास्त. वर रुमाल, खाली इन्व्हर्टर, बाजूला सेटटॉप बॉक्स. दुपारी दोन ते पाचमधे नेट आपोआप बंद होऊन चालू होत असंल, संध्याकाळी ठीक होत असंल, तर डब्ब्याला हात लावून पाहा, चटका बसला तर सिग्नलच्या मागं लागू नका, त्याला हवा द्या. छताच्या टिनापासून दोन-तीन फूट खाली अन् भिंतीपासून थोडा सुटा ठेवा. कूलरची हवा सरळ त्याच्यावर येऊ देऊ नका, ती दमट असते, आतल्या सर्किटला गंज लागते.

पोती अन् ओल

सोयाबीन, तूर, हरभरा कितीही वाळवला तरी दाण्यात थोडं पाणी राहतेच. एक-दोन पोत्यांनी काही होत नाही, पण माजघरात छतापर्यंत थप्पी लागली अन् राउटर थप्पीच्या अलीकडं असला तर पलीकडं सिग्नल पडते. भाव येईपर्यंत माल घरातच राहणार, त्यामुळं राउटर थप्पीच्या वर येईल इतका उंच टांगा, थप्पीच्या अन् छताच्या मधून वाट राहू द्या. कोरड्या कापसानं तेवढा फरक पडत नाही, कापसाच्या गंजीवरच राउटर ठेवू नका म्हणजे झालं, गरम वस्तू आहे ती.

पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्या की त्यातून सिग्नल आणखी कमी जाते. याला वेगळा उपाय नाही, दारा-खिडकीची वाट साधली असली तर त्रासच होत नाही.

२.४ की ५

सोपं आहे. ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतीपुढं लवकर हार मानते, २.४ हळू पण लांब जाते. अडचण अशी की डब्ब्यात दोन्हीचं नाव एकच ठेवलेलं असते, फोन बैठकीत ५ पकडते अन् मागं गेल्यावरही तेच धरून बसते. सेटिंगमधे जाऊन दोन नावं वेगळी करा, समजा घर अन् घर-लांब, अन् मागच्या खोलीतले फोन, टीव्ही फक्त घर-लांबला जोडून ठेवा. २.४ ची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, चॅनेल १, ६ किंवा ११. आपल्याकडं तेवढ्यावर भागते.

रिपीटर घ्यायचा का

राउटर हलवूनही नाहीच झालं तर. तालुक्याच्या दुकानात प्लगमधे लावायचा रिपीटर मिळते, लोकं तो आणून नेमका त्या खोलीत लावतात जिथं सिग्नल येत नाही. अरे जिथं येतच नाही तिथं तो पुढं काय पाठवंल? रिपीटर अर्ध्या वाटेत लावा, जिथं उणे ६० ते ६५ आहे. अन् साधा एका बँडचा रिपीटर असंल तर तोच रेडिओ घेते अन् तोच देते, स्पीड निम्मा होते हे धरून चला. व्हॉट्सॲपला चालते, क्रिकेट पाहताना अडकते.

माझं मत विचाराल तर रिपीटरच्या पैशात केबल घ्या. कॅट सिक्स लॅन केबल, तांब्याची, १०० मीटरपर्यंत चालते. दुकानदार स्वस्तवाली देते ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली असते, लांब ओढली की दगा देते, घेताना शुद्ध कॉपर का ते विचारा. त्या केबलच्या टोकाला मागच्या खोलीत दुसरा राउटर. तो नवीन घ्यायची गरज नाही, बहुतेक घरात जुन्या कनेक्शनचा राउटर ट्रंकेत पडलेला असते. फक्त जुन्या कंपनीचा डब्बा परत द्यायचा राहिला असंल तर तो आधी देऊन मोकळे व्हा.

जुन्या राउटरला असं कामाला लावायचं. आधी पिनेनं मागचं रिसेटचं भोक दहा-पंधरा सेकंद दाबा. मग लॅपटॉप केबलनं त्याला जोडा, नाही तर त्याच्या वायफायला फोन जोडून फोनचा मोबाइल डेटा बंद करा अन् सेटिंग उघडा. ॲक्सेस पॉइंट मोड लिहिलेलं सापडलं तर ते निवडा, काम संपलं. नसंल तर त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा (मुख्य डब्ब्याचा १९२.१६८.१.१ असंल तर, दोघांचा एकच झाला की दोन्ही भांडतात), डीएचसीपी बंद करा, म्हणजे फोनला पत्ते वाटायचं काम एकट्या मुख्य डब्ब्याकडं राहील. वायफायचं नाव-पासवर्ड मुख्यसारखंच द्या, चॅनेल मात्र वेगळं, तिकडं १ असंल तर इकडं ११. शेवटी केबल मुख्य डब्ब्याच्या लॅनमधून निघून जुन्या राउटरच्याही लॅनमधेच घाला. वॅन किंवा इंटरनेट लिहिलेल्या वेगळ्या रंगाच्या भोकात घालू नका, सगळ्यात जास्त लोकं इथंच अडकतात अन् म्हणतात जुनं राउटर खराब आहे.

केबल घरातून ओढत असाल तर उंदरांसाठी पट्टीच्या पाइपातून न्या. अंगणातून किंवा कोठ्यापर्यंत उघड्यावर ओढायची असंल तर मी नाही म्हणेन. तांब्याची तार आहे, जवळपास वीज पडली की दोन्हीकडचे डब्बे घेऊन जाते. तिथं फायबर टाका, त्यातून करंट येत नाही, किंवा समोरासमोर लावायच्या आउटडोअर वायरलेस डब्ब्यांची जोडी लावा. कोठ्यात कॅमेरा लावणाऱ्यांनी हे आधीच पाहून घ्या. मृगाच्या आधी आभाळ कडकडायला लागलं की राउटरचा प्लग काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आहे, जवळ वीज पडायची शक्यता असली की सांगते, ते शेतातल्या माणसाच्या फोनमधेही टाकून द्या.

ज्यांच्याकडं फायबर नाही, सिमवालं राउटर आहे

त्यांचं गणित उलटं आहे. आधी टॉवरचा सिग्नल राउटरपर्यंत यायला पाहिजे, अन् टिनाखाली तोच मरते. राउटरच्या पानावर आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद) पाहा, उणे ९० च्या आत चांगलं, उणे ११० च्या पलीकडं बेकार. टॉवरच्या बाजूच्या खिडकीत, जमेल तितकं उंच, अन् तीच खिडकी कूलरची नको. बाहेर छतावर लावायचा अँटेनावाला डब्बा घेतला तर फरक पडते, पण त्याची केबल पण तांब्याचीच, वर सांगितलेलं लागू.

लाइन गेल्यावर

लाइन म्हणजे वीज गेली तर त्यासाठी मिनी यूपीएस मिळते, छोटा, राउटरसाठीच. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर काय लिहिलं ते वाचा, बहुतेक १२ व्होल्ट १ अँपिअर किंवा दीड, पण काही राउटर ९ किंवा ५ व्होल्टचेही असतात, त्यांना १२ दिले तर राउटर जळू शकते. यूपीएस लावूनही लाइन गेल्यावर नेट जात असंल तर नेटवाल्याला विचारा की पोलावरच्या त्याच्या डब्ब्याला बॅकअप आहे का. काही गावात मधे नुसते बिनविजेचे स्प्लिटर (एका फायबरचा उजेड अनेक घरांत वाटणारे) असतात, तिथं नेट चालू राहते, काही गावात पोलावर स्विच बसवलेलं असते, ते लाइनीसोबत मरते. तिथं तुमच्या यूपीएसचा काही उपयोग नाही, अन् लाइन आल्यावरही पोलावरचं स्विच जागं व्हायला थोडी मिनिटं लागतात, तेवढ्यात राउटरचा रिसेट दाबू नका, सगळी सेटिंग उडते अन् मग नेटवाल्याला बोलवावंच लागते.